खांबावरच्या चिमणीची घनता

आमच्या कॉलेजात नवीन प्राध्यापक रुजू झाले की पहिल्याच आठवड्यात त्यांना कुणीतरी बाजूला घेऊन सांगतं, की फिजिक्सच्या लॅबमध्ये त्या बाईंशी वजनावरून वाद घालू नका. त्या बाई म्हणजे मी. गोंदियात प्रयोगशाळा सहायक म्हणून लागले तेव्हा केस काळे होते, आता मेंदी लावते, पण काचेच्या पेटीतला दोन पारड्यांचा तराजू तोच आहे आणि हातही तोच आहे. कॉलेजनं मध्यंतरी आकडे दाखवणारा नवा काटा घेतला. पंखा लावला की तो थरथरतो आणि लाईट गेली की मुका होतो. मी त्याच्यावर कापड टाकून ठेवलं आहे.

हा माज आहे, हे मला कळतं. पण माझी दोन वजनं एकमेकांशी जुळली नाहीत असं माझ्या नोकरीत झालेलं नव्हतं, आणि ज्याचं काम चोख असतं त्यानं थोडा माज केला तर लोकांनी सोसावा, असं माझं मत होतं. ते मत ज्या आठवड्यात मला गिळावं लागलं, त्याची ही आठवण.

मी राहते गोंदियाजवळ मुर्रीला. घर एकत्र. माझी मोठी जाऊ शेती सांभाळते आणि मी नोकरी. तिला मी बाई म्हणते. बाई चौथी शिकलेली, पण धानाच्या कोणत्या बांधीत पऱ्ह्यांच्या, म्हणजे रोपांच्या, किती पेंड्या लागतील हे धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, उभी राहून सांगते. आकडा आणि करंट या दोन गोष्टींत मात्र ती माझा शब्द प्रमाण मानत आली. घरात मिक्सर झटका देऊन राहिला की आधी मला हाक, मग मिस्त्रीला.

आमच्या धानाच्या बांध्यांवरून विजेची मोठी लाईन तिरपी जाते. खांबावर तार जिच्यावर बसते त्या चिनीमातीच्या इन्सुलेटरला आमच्याकडे चिमणी म्हणतात. त्या उन्हाळ्यात ह्या लाईनवरच्या जुन्या चिमण्या काढून सगळीकडे नव्या बसवल्या. पाऊस सुरू होऊन थोडे दिवस झाले आणि त्यातली एक फुटली. तार खांबाच्या लोखंडी पट्टीवर टेकली, वरून लाईन आपोआप बंद पडली, शेतात कुणी नव्हतं. चिमणी बदलली, लाईन सुरू झाली, गाव विसरलं.

एक माणूस विसरला नाही, तो म्हणजे त्या भागाचा तरुण इंजिनिअर. सोमवारी सकाळी तो कापडी थैली घेऊन लॅबमध्ये आला. थैलीत फुटक्या चिमणीचे तुकडे होते आणि आमच्याच धुऱ्यावरच्या एका जुन्या चिमणीचाही तुकडा होता, उन्हाळ्यात उतरवलेल्या ढिगातला.

"मॅडम, सॅम्पल मोठ्या लॅबला पाठवून दिलं," तो म्हणाला. "पण रिपोर्ट कब आएगा, भगवान जाने. इथं बुधवारपासून धानाची रोवणी. बाया दिवसभर पाण्यात उभ्या राहणार, वरून ही लाईन, आणि दर वेळी ती आपोआप बंद पडेलच असं नाही. माल कच्चा असेल तर बंद करतो. पण उगाच बंद केली तर पाच गावांचे पंप बंद पडतात, लोक मला फाडून खातील. बस इतना बता दो, माल पका है या कच्चा."

मला त्याचा प्रश्न आवडला. सरळ होता आणि माझ्या हातात मावणारा होता.

चिनीमाती नीट भाजली तर दगडापेक्षा घट्ट होते. कच्ची राहिली तर आत डोळ्यांना न दिसणारी भोकं राहतात, वरची चकाकी कितीही सुंदर असो. त्या भोकांत पाणी शिरतं, आणि मग करंटाला आतूनच वाट मिळते. भोकं म्हणजे पोकळी, आणि पोकळी असली की तेवढ्याच आकाराचा तुकडा वजनाला हलका भरतो. म्हणजे प्रश्न घनतेचा. भरलेला दाणा आणि पोचट दाणा ओळखण्यासारखंच हे काम आहे, फक्त दाणा जरा महाग.

पद्धतही जुनीच. तुकडा कोरडा तोलायचा. मग पाण्यात उकळून चिंब करून तोलायचा. मग दोऱ्यानं बांधून, पाण्यात लोंबकळत ठेवून तोलायचा. पाण्यात वजन जितकं कमी भरेल तितकं पाणी त्यानं बाजूला सारलं, म्हणजे तितका त्याचा आकार. कोरड्या वजनाला त्यानं भागलं की घनता हाती येते. लोंबकळवायचं पाणी शुद्ध हवं, म्हणून मी दोन पांढऱ्या कॅनमध्ये डिस्टिल्ड पाणी टेबलाखाली ठेवते. दोन्हींवर माझ्याच हातानं लाल रंगात तसं लिहिलेलं आहे.

सोमवारी मी जुना तुकडा घेतला. ही चिमणी माझ्या लग्नाच्या आधीपासून आमच्या धुऱ्यावर उभी होती, तिच्याखाली मी स्वतः रोवणी केलेली. तिला मापदंड धरायचं असं मी ठरवलं. घनता आली दोन पूर्णांक बावीस. पुस्तकात चांगल्या मालाला दोन पूर्णांक चाळीस दिलं होतं. मी जरा थबकले, पुन्हा तोललं, तेच आलं. मग म्हटलं, पुस्तकवाल्याची माती कोणत्या खाणीतली, कुणास ठाऊक. ही इतकी वर्षं उन्हापावसात टिकली, एकदाही फुटली नाही. हातच्या कांकणाला आरसा कशाला? पाणी संपलं होतं, ती कॅन मी धुवायला टाकली.

मंगळवारी दुसरी कॅन उघडून नव्या चिमणीचे तीन तुकडे तोलले. तिन्ही दोन पूर्णांक चोवीसच्या आसपास. जुनीपेक्षा केसभर सरसच! मी वहीत आकडे लिहिले, खाली लिहिलं, 'नवा माल जुन्याच्या तोडीचा आहे', सही ठोकली आणि इंजिनिअरला फोन केला. त्याचा सुस्कारा मला फोनवर ऐकू आला.

त्या संध्याकाळी बाई अंगणात पऱ्ह्यांच्या पेंड्या बांधायला लागणारी दोरी सोडवत बसली होती.

"का व, उतरू ना मंग उद्या? बाया सांगून ठेवल्या."

"उतरा. मी मोजलं हाय."

"तू मोजलं तं झालं," ती म्हणाली आणि दोरीकडे वळली.

बुधवारी अकराच्या सुमारास मी लॅबची खिडकी पुसत होते. खिडकीत सोमवार-मंगळवारचे चारही तुकडे वाळत ठेवलेले. तीन कोरडे ठणठणीत होते. जुना तुकडा ओला होता. जो सगळ्यात आधी ठेवला, तोच ओला! नुसता दमट नव्हे, त्याच्यावर घामासारखे थेंब होते, आणि त्याचा नायलॉनचा दोरा बोटांना चिकटत होता. पुसला, तर पाचेक मिनिटांत पुन्हा घाम.

पावसाळ्यात स्वयंपाकघरात असा घाम एकाच गोष्टीला सुटतो. मी दोरा जिभेला लावला. खारट.

  ते मीठ कुठून आलं हे आठवायला मला क्षणही लागला नाही, कारण ते मीच आणलं होतं.

आमच्याकडे पऱ्हे टाकण्याआधी धानाचं बी मिठाच्या पाण्यात घालतात. पाण्यात बटाटा टाकायचा आणि तो तरंगेपर्यंत मीठ ढवळत राहायचं. मग बी ओतलं की पोचट दाणे वर येतात, भरलेले तळाला बसतात. ते पाणी कुणी फेकत नाही. एका घरचं बी झालं की कापडातून गाळून शेजारच्या घरी जातं, तिथून पुढच्या. आमच्या गल्लीत एका घरच्या मिठावर चार घरांचे पऱ्हे होतात. त्या वर्षी आमचं झाल्यावर कॉलेजच्या शिपायानं ते मागितलं. घरात भांडं सापडेना, म्हणून मी लॅबची रिकामी कॅन घरी नेली आणि भरून परत आणली. इतरांनी त्या कॅनला नुसता हात लावला तरी मी ओरडते. शिपायानं ऐनवेळी दुकानातून तयार बी आणलं, पाणी नेलंच नाही. कॅन टेबलाखाली राहिली. पाणी काचेसारखं नितळ, वर माझ्याच अक्षरात 'डिस्टिल्ड'.

मिठाचं पाणी जड असतं, म्हणूनच तर त्यात बटाटा तरंगतो. जड पाण्यात तुकडा जास्त उचलला जातो, त्याचा आकार खोटा मोठा दिसतो आणि घनता खोटी कमी येते. म्हणजे जुनी चिमणी बावीसची नव्हतीच. ती पुस्तकाबरहुकूम चाळीसची असणार. जुनीचा खोटा आकडा मी मापाला धरला आणि खरोखरच कच्ची असलेली नवी त्याच्या शेजारी उभी करून सही केली. आणि त्या सहीच्या भरवशावर या घडीला बाई आणि तेरा बाया पोटरीभर पाण्यात उभ्या होत्या.

मी इंजिनिअरला फोन लावला. "लाईन बंद करा. आत्ता."

"लेकिन मॅडम, आपने ही तो कल..."

"मी चुकली. पाणी खारट होतं. आधी बंद करा, मग विचारा."

तो भला माणूस. पुढचा प्रश्न गिळून तो म्हणाला, वर परवानगी घेऊन बंद करतो, थोडा वेळ द्या. थोडा म्हणजे किती, ते त्यालाही माहीत नव्हतं. बाईला फोन लावून उपयोग नव्हता. रोवणीला फोन धुऱ्यावरच्या पिशवीत असतात. मी स्कूटी काढली. रजेचा अर्ज दिला नाही, लॅबला कुलूप लावलं नाही. गोंदिया ते मुर्री हे अंतर मी आयुष्यात इतक्या वेळा कापलं, पण त्या दिवशीइतकं ते कधी लांबलं नव्हतं. आभाळ भरून आलं होतं, बारीक झड सुरू होती. मला भीती वाटत होती, साधी, उघडी भीती, आणि तिच्यात लाज मिसळलेली.

धुऱ्यावर पोचले तेव्हा बाया एका रांगेत वाकून मागे मागे सरत रोवत होत्या. वर तार, तारेखाली त्या.

"बाई, बाहेर या! सगळ्या बाहेर या!"

बाई कंबरेवर हात ठेवून सरळ झाली. "काऊन? काय झालं?"

"लाईनचा भरवसा नाई."

"काल तं तू मनली, मोजलं मून."

"चुकीचं मोजलं."

चौदा बाया माझ्याकडे पाहत होत्या. त्यातली एक पुटपुटली, इतक्या मोठ्यानं की मला ऐकू यावं, "पऱ्हे सुकून राहिले, अन् या बाईचं मोजमाप सुरूच हाय!" कुणी हललं नाही. मला त्यांचा राग आला नाही. लाईन रोजचीच होती, काम अंगावर होतं, आणि काल जी बाई छातीठोक एक सांगते आणि आज दुसरं, तिचं कुणी कशाला ऐकावं?

बाईनं हातातली पेंडी तिथंच चिखलात उभी केली. "चला व बायांनो. इतक्या सालात ते कधी चुकली मनली नाई. आज मनते, तं खरंच चुकली असन."

एकेक करून बाया धुऱ्यावर चढल्या. सगळ्यात शेवटी बाई. आम्ही लाईनपासून दूर, मोहाच्या झाडाखाली जाऊन उभ्या राहिलो. बऱ्याच वेळानं इंजिनिअरचा फोन आला, लाईन बंद झाल्याचा. मी तिथंच ओल्या गवतावर बसले आणि रडले. बाई जवळ आली नाही. ती तिच्या पायाचा चिखल काढत होती.

 गुरुवारी बाईनं मला जेवायला वाढलं, पाणी दिलं आणि आपल्या कामाला लागली. रात्री भांडी विसळताना मीच म्हटलं, "बाई, चूक झाली. रागवा तरी."

"चुकलीचा राग नाई," ती म्हणाली. "माणूस चुकते. मले माह्याच राग येऊन राहिला. तेरा बायाइले मी घेऊन उतरली, अन् तुले एका शब्दानं इचारलं नाई का कसं मोजलं मून."

मग म्हणाली, "उद्या मोजशीन तं मी येतो."

आमचे विभागप्रमुख गुरुवारीच म्हणाले होते की वहीचं ते पान फाडून टाका, कशाला पुरावा ठेवता. मी फाडलं नाही. चुकीच्या आकड्यांवर एक रेघ ओढली, आकडे वाचता येतील अशी, आणि शेजारी कारण लिहिलं. गर्वाचं घर खाली झालं होतंच. निदान ते कुठं पडलं ते तरी दिसावं.

शुक्रवारी बाई धुवट लुगडं नेसून माझ्यामागे स्कूटीवर बसली. नोकरीच्या इतक्या वर्षांत ती पहिल्यांदा लॅबमध्ये आली होती. मी नवी भरलेली कॅन उघडली, ओंजळीत पाणी घेऊन चाखलं, आणि कॅन तिच्यापुढे धरली. तिनंही चाखलं. जिभेवर घोळवलं.

"गोड हाय," ती म्हणाली. "घाल आता."

दुधानं तोंड पोळलं की ताकही फुंकून प्यावं लागतं. मी आधी एक पितळेचं वजन पाण्यात तोललं, ज्याची घनता मला पाठ आहे. ते बरोबर आलं तेव्हाच चिमणीला हात लावला. जुना तुकडा: दोन पूर्णांक चाळीस. पुस्तक खरं निघालं. नवे तुकडे, तिन्ही, पुन्हा चोवीसच्या आसपास. म्हणजे कच्चे. आकडे बाईला काय सांगायचे? मी एक जुना तुकडा घेतला, एक नवा घेतला, दोघांच्या फुटक्या कडेवर लाल शाई लावली, थोडं थांबले आणि ओल्या फडक्यानं पुसली. जुना पांढरा स्वच्छ झाला. नव्यानं शाई पिऊन टाकली होती; कितीही घासलं तरी कड लालच.

बाईनं तो लाल तुकडा हातात घेऊन उलटसुलट पाहिला.

"असी हाय ते, वरतं," ती म्हणाली. "आमच्या डोक्यावर."

"होती. काढून राहिले."

आणि खरंच काढत होते. इंजिनिअरनं माझी रेघ ओढलेली वही स्वतः वाचली, लाल तुकडा पाहिला आणि उन्हाळ्यात उतरवलेल्या जुन्या चिमण्यांचा ढीग उपसला. मी त्याला म्हटलं, एकाच तुकड्यावर सगळ्यांचा भरवसा नको, चार-पाच फोडू. त्या बुधवारआधी मी असं म्हटलं नसतं. पाच फोडल्या, पाचही तोलल्या, पाचांवरची शाई पुसली गेली. लाईनवाल्यांनी बाकीच्या धुऊन, पारखून दोन दिवसांत आमच्या पट्ट्यातल्या सगळ्या खांबांवर बसवल्या. तेवढे दिवस पंप बंद होते आणि लोकांनी त्याला शिव्या दिल्या. मलाही दिल्या. त्या मी मुकाट घेतल्या; त्यातल्या अर्ध्या रास्त होत्या. मोठ्या लॅबचा रिपोर्ट रोवणी आटोपल्यावर कधीतरी आला आणि त्यातही तेच होतं, फक्त तीन पानं होती.

सोमवारी लाईन सुरू झाली. मी रजा टाकली होती. सकाळी त्याच तेरा बाया धुऱ्यावर जमल्या, डोक्यावर प्लास्टिकचे कागद बांधून. बुधवारी रोवून ठेवलेल्या पट्ट्यात पऱ्हे ताठ उभे होते, त्यापुढे पाणी मोकळं होतं. वर जुन्या चिमण्या आपापल्या जागी परत आलेल्या.

बायांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "आता मोजमाप बरोबर हाय. उतरा."

कुणी उतरलं नाही. सगळ्या बाईकडे पाहू लागल्या. बाईनं पऱ्ह्यांची एक पेंडी उचलली, तिचं पाणी झटकलं आणि ती माझ्या हातात दिली.

"आधी तू," ती म्हणाली.

मी चपला धुऱ्यावर काढल्या, साडी खोचली आणि चिखलात पाय घातला. पाणी कोमट होतं. तारेच्या बरोबर खाली जाऊन मी वाकले आणि रोपांचा पहिला चूड रोवला. दुसरा रोवला. तिसरा हातात असताना मागे छपछप ऐकू आली आणि बाई माझ्या शेजारी येऊन वाकली.

"सरळ रोव," ती म्हणाली. "वाकडं जाऊन राहिलं तुहं."